बाजेवरची माय, आभाळातली सुनीता

माय पडली तेव्हा मृग लागून आठ-दहा दिवस झाले होते. धानाचे पऱ्हे टाकायची गडबड चालू होती. सांदवाडीत रचलेल्या तुऱ्हाट्यांचा भारा डोक्यावर घेऊन ती चुलीकडे येत होती. पहिल्या पावसाने चिकट झालेल्या मातीवरून पाय सरकला आणि ती उजव्या कुशीवर आदळली. वहिनी सांगते, पडतानाही मायने भाऱ्यावरचा हात काढला नव्हता. हात टेकवला असता तर कदाचित मनगटावर निभावलं असतं. खुब्याचं हाड मोडलं.

त्याच आठवड्यात टीव्हीवर दुसऱ्या एका बाईची बातमी होती. सुनीता विल्यम्स ५ जून २०२४ ला अवकाशात गेली होती. आठेक दिवसांत परत यायचं ठरलं होतं, पण यानात बिघाड निघाला आणि तिचं येणं पुढे पुढे ढकललं जात होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं तेव्हा माझ्या मनातही आलं नाही. मी तालुक्याच्या गावी राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. अवकाश हा माझ्यासाठी पुस्तकातला धडा होता.

ऑपरेशन जिल्ह्याच्या गावी झालं. आत सळई घातली, स्क्रू बसवले. डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं, यांना उभं करा, वॉकर धरून चार पावलं चालवा. एकदा चालवलंही. माय कळवळली. तिचा तो आवाज मला ऐकवला नाही. घरी आणल्यावर दादा म्हणाला, वहिनी म्हणाली, शेजारच्या काकू म्हणाल्या, आणि सगळ्यांत आधी, सगळ्यांत जोरात मी म्हणाले: तिला आराम करू द्या. जन्मभर राबली आहे, आता तरी कोणी तिला उठवू नका. मधल्या खोलीत बाज टाकली. चहाचा कप तोंडाशी, पाण्याचा पेला तोंडाशी, भात कालवून चमच्याने. कूस वळवायलाही दोघींनी धरायचं. आम्हाला वाटे, आपण तिची सेवा करतो आहोत.

आठ आठवडे गेले. एका रविवारी मी तिच्या पायांना तेल लावत होते आणि तिची पोटरी माझ्या मुठीत मावली. मी दुसरा पाय पाहिला, तो तर मोडलेला नव्हता, तोही तसाच. कातडी सैल, आतलं मांस पाण्यासारखं हलणारं. याच पायांनी तिने रोवणीत दिवसदिवस गुडघाभर चिखलात काढले होते. मी काही न बोलता तेल लावत राहिले. तिने विचारलं, "का झालं बाई?" मी म्हणाले, काही नाही.

ऑगस्टच्या शेवटी फिजिओथेरपी करणारी एक मुलगी तालुक्याहून आठवड्यातून दोनदा यायला तयार झाली. चोवीस-पंचवीस वर्षांची असेल. चिखलातून स्कूटी रेटत आली, पाय धुतले, बाजेशी बसली, मायच्या मांड्या-पोटऱ्या दाबून पाहिल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, तुम्ही विज्ञान शिकवता ना? ती सुनीता वर रोज दोन-अडीच तास व्यायाम करते. पट्ट्यांनी स्वतःला बांधून घेऊन पळते. तिथे वजन नाही म्हणून. तुम्ही तर इथे जमिनीवर राहून आईचं वजन काढून घेतलंत."

मग तिने अजून एक गोष्ट सांगितली. अवकाशात माणसाच्या शरीराचं काय होतं हे शोधायला शास्त्रज्ञ दर वेळी माणूस वर पाठवत नाहीत. ते धडधाकट माणसांना साठ-साठ दिवस पलंगावर झोपवतात. जर्मनीत कोलोनला, फ्रान्समध्ये तुलूझला असे प्रयोग होतात. पलंग डोक्याकडे सहा अंश उतरता. जेवण झोपून, अंघोळ झोपून, सगळं झोपून. दोन महिन्यांत त्या तरण्याताठ्या माणसांच्या शरीरात पुष्कळसं तेच घडतं जे अवकाशवीरांच्या शरीरात घडतं. बाज म्हणजे जमिनीवरचं अंतराळ. आम्ही मायला आठ आठवडे तिकडे ठेवून आलो होतो, मायेपोटी.

त्या रात्रीपासून मी वाचायला लागले.

आधी एक समजूत दुरुस्त करून घ्यावी लागली, जी मी वर्गातही नीट सांगत नव्हते. सुनीता राहत होती ते अवकाश स्थानक जमिनीपासून साधारण चारशे किलोमीटरवर फिरतं. तिथे गुरुत्वाकर्षण संपलेलं नसतं, जमिनीवरच्या जवळपास नव्वद टक्के असतंच. तरी माणूस तरंगतो, कारण स्थानक आणि त्यातला माणूस दोघंही सतत पडत असतात. ताशी सुमारे अठ्ठावीस हजार किलोमीटर वेगाने पुढे जाता जाता पडतात, म्हणून जमिनीवर न आपटता पृथ्वीभोवती पडत राहतात. आमच्या गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवरून पोरं उड्या मारतात. मी वर्गात विचारलं, हातात दगड घेऊन उडी मारली तर मधे, पाण्यात पडायच्या आत, दगड जड लागतो का? एक पोरगा म्हणाला, "नाही मॅडम, तेवढा वेळ दगडच नसते." त्याचं उत्तर पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा नेमकं होतं. तो अर्धा क्षण सुनीता नऊ महिने जगत होती.

हाडांबद्दल वाचलं ते मात्र माझ्या मनात घर करून बसलं. आपण हाडाला दगडासारखं समजतो, एकदा झालं की झालं. तसं नसतं. हाडात दोन तऱ्हेच्या पेशी जन्मभर कामावर असतात. एक जुनं हाड पोखरून काढतात, दुसऱ्या नवीन भरतात. आमच्या धानाच्या बांधीचा धुरा, म्हणजे मातीचा बांध, पाहिला असेल त्याला हे लगेच कळेल. पावसाळ्यात खेकडे धुऱ्यात बिळं पाडतात, पाणी झिरपायला लागतं. शेतकरी रोज सकाळी कुदळ घेऊन फेरी मारतो, बीळ दिसलं की चिखल ठासतो. खेकडे थांबत नाहीत आणि शेतकरीही थांबत नाही, म्हणून धुरा उभा राहतो. आता समजा, शेतकऱ्याला कोणी सांगितलं की बांधीत पाणीच नाही, फेरी मारायचं काम नाही. तो घरी बसेल. खेकडे मात्र पोखरतच राहतील.

हाडाला हा निरोप वजनाकडून जातो. पाऊल टेकलं, भार पडला, हाड केसभर वाकलं, की आतल्या पेशींना कळतं, इथे गरज आहे, भरा. अवकाशात हा निरोपच थांबतो. कमरेच्या आणि मांडीच्या हाडातून महिन्याला एक ते दीड टक्का झीज होते. म्हाताऱ्या बाईचं वर्षभरात जेवढं झिजावं तेवढं तिथे महिन्याभरात. सुटलेलं कॅल्शियम रक्तात आणि तिथून लघवीत उतरतं, म्हणून अवकाशवीरांना मुतखड्याची भीती असते. आणि परत आल्यावर हे सगळं भरून निघायला वर गेलेल्या दिवसांपेक्षा कितीतरी जास्त दिवस लागतात, काहींचं तर पूर्ण भरतच नाही.

म्हणून तो व्यायाम. तिथे लोखंडी वजनं उचलण्यात अर्थ नाही, ती बोटावर तरंगतील. म्हणून हवा काढलेल्या नळकांड्यांच्या ताणाविरुद्ध जोर लावायचं यंत्र आहे. पळायच्या पट्ट्यावर माणसाला खांद्या-कमरेपासून ताणाच्या पट्ट्यांनी खाली ओढून धरतात, तेव्हा पाऊल पट्ट्यावर आदळतं. सुनीता २००७ मध्ये पहिल्यांदा स्थानकावर होती तेव्हा त्या पट्ट्यावर तिने अख्खी बोस्टन मॅरेथॉन धावली होती. मी मायला हे सांगितलं. ती बराच वेळ छताकडे पाहत होती. मग म्हणाली, "म्हंजे वजन नाही तं पैसे खर्चून वजन बनवते."

हो, अगदी तसंच.

पहिल्यांदा उभं केलं तेव्हा माय दहा-बारा सेकंद टिकली. डोळ्यांपुढे अंधारी आली, घाम फुटला, पुन्हा बसवावं लागलं. मी घाबरले, फिजिओवाली मुलगी घाबरली नाही. झोपून राहिलेल्या शरीराला रक्त वर चढवायची सवय मोडते. उभ्या माणसाच्या पायांकडे रक्त उतरू पाहतं, ते ओढून डोक्याकडे पाठवायचं काम हृदयाला आणि शिरांना करावं लागतं. अवकाशात ते काम उरत नाही. पायांकडचं जवळजवळ दोन लिटर पाणी छाती-डोक्याकडे सरकतं. तोंड सुजल्यासारखं दिसतं, पाय काडीसारखे होतात. शरीराला वाटतं पाणी जास्त झालं, ते कमी करायला लागतं. रक्त कमी होतं, हृदयाचे स्नायूही हलक्या कामाला सरावतात. म्हणून परतीच्या आधी अवकाशवीर मीठ आणि भरपूर पाणी घेतात, पायांवर घट्ट कपडे चढवतात, तरी उतरल्यावर अनेकांना भोवळ येते. मायला मी म्हणाले, वरून आलेल्या सगळ्यांना असंच होतं. तिला ते आवडलं. त्यानंतर अंधारी आली की ती डोळे मिटून म्हणायची, "थांब, खाली येऊन रायली."

आभाळाशी मायची ओळख मात्र जुनी आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. आमच्या भागात ती कोणी विसरणार नाही. आभाळातून जळते पट्टे गेले, आणि चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं मोठं कडं येऊन पडलं, आठ-दहा फूट व्यासाचं. लोक बघायला धावले, पोलीस आले, पुढे इस्रोचे शास्त्रज्ञही तपासायला येऊन गेले. ते चीनच्या रॉकेटचा तुकडा असावा असं जाणकारांनी सांगितलं, वर्षभरापूर्वी उडालेल्या रॉकेटचा. त्या रात्री गावातल्या बायका घराबाहेर झोपल्या नाहीत. माय झोपली. म्हणाली, पडायचं ते कवेलू फोडूनही पडेल. पण तेव्हापासून तिला पक्कं ठाऊक झालं की वर माणसांनी केलेली लोखंडं फिरतात, आणि त्यातल्या काहींत माणसं असतात. म्हणून सुनीता तिला लांबची वाटत नव्हती. आपल्या वरून जाणारी बाई होती. मी शनिवारी आले की पहिला प्रश्न, "ते पोरगी आली का खाली?" पोरगी साठीला टेकली आहे, तुझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान, असं सांगितलं तर म्हणे, "मंग तिच्या मायले पोरगीच ना."

दिवाळीनंतर व्हॉट्सअ‍ॅपवर सुनीताचा एक फोटो फिरला. गाल बसलेले. खाली लिहिलेलं, अन्न मिळत नाही, प्रकृती ढासळली. आमच्या शाळेच्या ग्रुपवरही आला. मायने तो पाहिला आणि दिवसभर तिचं जेवणात लक्ष नव्हतं. "तिचं तोंड कसं उतरलं पाह्य." पुढे सुनीताने स्वतःच एका मुलाखतीत सांगितलं की माझं वजन आलं तेव्हा होतं तेवढंच आहे, पाणी वर सरकल्यामुळे चेहरा वेगळा दिसतो, उलट व्यायामाने मांड्या भरल्या आहेत. मी ते मायला वाचून दाखवलं. तिने पदर सरकवून स्वतःच्या मांडीवर हात ठेवला, दाबून पाहिलं. त्या दिवशी वॉकरवर ती आपणहून दारापर्यंत गेली.

जेवणाचंही तसंच होतं. अवकाशात नाक चोंदल्यासारखं राहतं, वास नीट येत नाही, त्यामुळे अन्न मिळमिळीत लागतं आणि तिखट सॉसच्या बाटल्या लवकर संपतात. झोपून झोपून मायची चव गेली होती. डॉक्टरांनी साधं खायला सांगितलं म्हणून वहिनी बिचारी मऊ भात आणि फिकं वरण देत राहिली. माय दोन घास खाऊन ताट सारायची. शेवटी वहिनीनेच एक दिवस लसूण घालून लाल मिरचीचा ठेचा केला, वर सांभार, म्हणजे कोथिंबीर, चिरून घातला. तिने ताट पुसून खाल्लं.

सर्वांत मोठी चूक खोलीची होती, हे फार उशिरा लक्षात आलं. मधल्या खोलीत एकच झरोका आहे. माय दुपारी दोनला विचारायची, आता सकाळ आहे का संध्याकाळ? आम्हाला वाटलं, वय झालं, भ्रम होतो आहे. अवकाश स्थानक दर नव्वद मिनिटांनी पृथ्वीची एक फेरी करतं, म्हणजे चोवीस तासांत सोळा सूर्योदय आणि सोळा सूर्यास्त. शरीराचं घड्याळ तिथे गोंधळतं, झोप मोडते, म्हणून आतले दिवे वेळेप्रमाणे निळसर-पिवळसर बदलत ठेवतात. सोळा सूर्योदय पाहणारीला जे होत होतं तेच एकही सूर्योदय न पाहणाऱ्या मायला होत होतं. आम्ही बाज छपरीत आणली. सकाळचं ऊन पायांवर, रस्त्याने जाणाऱ्यांची हाक, कोंबड्या, शाळेत जाणारी पोरं. आठवड्यात तिचे दिवस-रात्र जागेवर आले. गावातल्या बायकाही येऊन टेकायला लागल्या. मधल्या खोलीत कोणी येत नव्हतं, आणि तिने तक्रार कधीच केली नव्हती.

इथवर लिहिताना मला एक प्रश्न टोचतो आहे. भार पडला की हाड भरतं, हे खरं. मग मायचं का मोडलं? तिच्याएवढा भार कोणी वाहिला असेल? सरपण, धानाचे भारे, पाण्याचे गुंड, माती, पोरं. तिच्या टाळूवर चुंबळीचा एक गोल आहे, तिथले केस विरळ झालेत. हा हिशेब लागत नव्हता. तो लागला फिजिओवाल्या मुलीच्या साध्या चौकशीने. दूध किती घेत होतात? दूध घरी होतं, पण ते डेअरीला जायचं आणि उरलं तर पोरांना. डाळ? भातावर वरण, पातळ. पाळी कधी गेली? चाळिशीतच. निरोप जन्मभर जात राहिला, धुरा दुरुस्त करा, दुरुस्त करा, पण ठासायला चिखलच नव्हता. पाळी गेल्यावर तर खेकडे दुपटीने पोखरतात. अवकाशवीराला वर पाठवायच्या आधी तिच्या हाडांची घनता मोजतात, वर तिला ऊन नाही म्हणून ड जीवनसत्त्व देतात, उतरल्यावर पुन्हा मोजतात, महिना-दीड महिना रोज तिच्यासोबत माणसं राबतात. ते व्हायलाच हवं. पण मायच्या वयाच्या आमच्या गावातल्या एकाही बाईच्या हाडांची घनता कधी मोजली गेलेली नाही. पडली, मोडलं, की कळतं. माणसाला वजनाची गरज असते हे अवकाशाने शिकवलं म्हणून मी आनंदाने सांगते, पण कुणी याचा अर्थ असा काढू नये की राबणाऱ्या बायांनी राबतच राहावं, त्यांना ते चांगलं असतं. भार सोसायला भाकरीसोबत दूध-डाळ लागते, आणि भार किती घ्यायचा ते ठरवण्याची मुभा लागते. मायला दोन्ही मिळालं नाही. नंतर आम्ही तिचा सगळाच भार काढून घेतला, तेव्हाही तिला विचारलं नव्हतं.

रक्ताबद्दल एक गोष्ट सांगते. आमच्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आजार घरोघरी माहीत आहे. माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगी आहे, तिचे डोळे अधूनमधून पिवळे होतात, थंडी वाढली की हातपाय दुखतात आणि ती आठवडा-आठवडा येत नाही. आपल्या शरीरात लाल पेशी साधारण एकशेवीस दिवस जगतात, तिच्या दहा-वीस दिवसांत फुटतात. २०२२ साली कॅनडातल्या ओटावाच्या संशोधकांनी चौदा अवकाशवीरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जमिनीवर धडधाकट शरीर सेकंदाला वीस लाख लाल पेशी मोडतं आणि तेवढ्याच घडवतं. अवकाशात सेकंदाला तीस लाख मोडतात, आणि वर असेपर्यंत ते चालूच राहतं. परत आल्यावर वर्षभरानंतरही मोडण्याचा वेग पहिल्यापेक्षा जास्त होता. मी हे वर्गात सांगितलं तेव्हा त्या मुलीने हात वर केला. "म्हणजे अंतराळवीर माझ्यासारखे होतात?" कारण वेगळं आहे, तुझा आजार जन्माचा आहे, हे मी तिला नीट समजावून सांगितलं. पण तिच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते पुसायची मला घाई नव्हती.

बाकीचं भराभर सांगते, कारण यादी लांब आहे. डोळ्याचा मागचा भाग काहींचा चपटा होतो, जवळचं धूसर दिसायला लागतं. पाठीचा कणा सैल होऊन उंची वाढते आणि पाठ दुखते. अंगात लपून बसलेले जुने विषाणू डोकं वर काढतात. एका अवकाशवीराच्या मानेच्या शिरेत रक्ताची गुठळी वर असतानाच सापडली आणि जमिनीवरच्या डॉक्टरांनी चारशे किलोमीटरवरून उपचार चालवले. किरणोत्सार तर आहेच, त्यावर व्यायामाचा उपाय नाही. आणि तरीही माणूस टिकतो. व्हॅलेरी पोल्याकोव हा रशियन डॉक्टर १९९४-९५ मध्ये सलग ४३७ दिवस मीर स्थानकावर राहिला. खाली आल्यावर त्याला उचलून नेण्याची तयारी होती, पण तो यानापासून खुर्चीपर्यंत स्वतः चालत गेला. मंगळावर पोचलेला माणूस उतरून चालू शकेल, हे त्याला दाखवायचं होतं. ही गोष्ट मी मायला तीनदा सांगितली आहे, तिच्याच सांगण्यावरून.

डिसेंबरात एका संध्याकाळी स्थानक आमच्या गावावरून जाणार होतं. मी शाळेतल्या मुलांना आमच्या अंगणात बोलावलं. मायला खुर्चीवर बसवलं, पायांवर गोधडी. वायव्येकडून एक ठिपका निघाला, न लुकलुकता, शुक्रासारखा ठळक, आणि चार-पाच मिनिटांत आभाळ ओलांडून गेला. मुलं ओरडत होती. माय हात वर करून होती, टाटा करतात तसा नाही, आशीर्वाद देतात तसा. ठिपका पृथ्वीच्या सावलीत शिरून विझला तरी तिने हात खाली घेतला नाही. खांदा दुखेल म्हणून मी हात धरायला गेले, तर म्हणाली, "राहू दे, व्यायाम होऊन रायला."

१९ मार्च २०२५. आमच्याकडे मोहफुलांचे दिवस. या दिवसांत घर तसंही पहाटे तीनला जागं होतं. फुलं रात्रीची गळतात, गुरं-रानडुकरं यायच्या आत वेचावी लागतात. जंगलात वाघाची भीती वाढल्यापासून आम्ही आपल्या धुऱ्यावरच्या दोन झाडांवरच भागवतो. मी मुद्दाम मुक्कामाला आले होते. चूल पेटलेली, काळ्या चहाचं आधण ठेवलेलं, आणि माझ्या मोबाइलभोवती आम्ही सगळे. साडेतीनच्या आधी दोन-तीन मिनिटं यान फ्लोरिडाजवळच्या समुद्रात उतरलं. आजूबाजूला डॉल्फिन उसळत होते, पोरं त्यांच्याकडेच बघत होती. ती गेली होती एका यानातून आणि २८६ दिवसांनी आली दुसऱ्या यानातून. दार उघडलं, एकेकाला उचलून स्ट्रेचरवर घेतलं. सुनीता हसत होती, हात हलवत होती.

मायने स्क्रीन डोळ्यांजवळ नेली. "तिलेही उचलूनच नेऊन रायले."

"उठेल ती," मी म्हणाले. "तिच्यामागे माणसं लागतील आता, रोज."

"लागाव," माय म्हणाली. "आराम करू दे म्हनतील कोनी, तं आयकू नको म्हना तिले."

मी चुलीतलं लाकूड पुढे सारलं. माझ्याकडे पाहून ती बोलली नव्हती.

(त्याच साली जुलैत भारताचे अवकाशवीर शुभांशु शुक्ला अठरा दिवस स्थानकावर राहून परत आले. उतरल्यावर फोन हातात धरला तर जड लागला, आणि एकदा लॅपटॉप बंद करून त्यांनी तो पलंगाच्या कडेवरून हवेत सोडून दिला, तरंगेल म्हणून, असं त्यांनी सांगितलं. अठरा दिवसांत शरीर वजन विसरतं. माय पहिल्यांदा पाण्याने भरलेला तांब्या उचलायला गेली तेव्हा तो तिच्या हातून सांडला होता, आणि आम्ही तिला म्हटलं होतं, राहू दे, तू नको उचलू.)

उजाडायच्या आधी आम्ही धुऱ्यावर गेलो. माय काठी टेकत, मागे मी. झाडाखाली फुलांचा सडा पडलेला, ओलसर, गोड वास. ती वाकू शकत नाही अजून. वहिनीने तिच्यासाठी पाट आणला होता, त्यावर बसून ती हाताला येतील तेवढी वेचत होती आणि पोरांना सांगत होती, तुडवू नका, तिकडून या. दोन टोपल्या झाल्या. परत निघताना ती उठली, काठी डाव्या हातात घेतली आणि लहान टोपलीकडे हात केला.

"दे इकडे."

माझा हात टोपलीकडे गेलाच होता. ओल्या फुलांनी भरलेली, तीन-चार किलो सहज भरली असती. मी टोपली उचलून तिच्यासमोर धरली. तिने बुडाखाली पंजा लावून अंदाज घेतला.

"थोडी कमी कर."

मी दोन ओंजळी काढून मोठ्या टोपलीत टाकल्या.

"अजून एक."

टाकली. तिने टोपली घेतली, डाव्या कमरेवर बसवली, पाय जरा फाकवून तोल पाहिला.

"बस," म्हणाली, आणि घराकडे वळली.